बलून उतरताना वारा वाढला तर? (कॅपाडोकियाला आई-बाबांना न्यावं का?)

मृण्मयी_ठाणे
नमस्कार मंडळी. ऑक्टोबरमध्ये आम्ही तुर्कस्तानला चाललोय. मी, नवरा, नववीतला मुलगा आणि माझे आई-बाबा. फोटो पाहिल्यापासून आईने कॅपाडोकियाच्या बलूनचा ध्यास घेतलाय. तिचं वय ७१, एका गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. बाबा ७७ चे, त्यांची पाठ कायम धरलेली.

माहिती काढायला बसले आणि अपघातांच्या बातम्या वाचून झोप उडाली. १८ ऑक्टोबर २०२२ ला तिथेच उतरताना वारा वाढला, बलून आपटलं आणि दोन स्पॅनिश पर्यटक गेले. १५ जून २०२५ ला शेजारच्या अक्सराय प्रांतात तसंच झालं. त्यात पायलटचाच जीव गेला आणि इंडोनेशियाहून आलेले बरेच प्रवासी जखमी झाले. बुकिंगवाला म्हणतो, "मॅडम, रोज हजारो लोक उडतात, काही होत नाही." एवढ्याने माझं समाधान होत नाही.

वारा वाढला की उतरताना नक्की काय होतं? पायलटच्या हातात किती असतं आणि आपल्या हातात किती? आई-बाबांना न्यावं की नको? अनुभव असलेल्यांनी कृपया सविस्तर लिहा.

उंडगा
अहो ताई, बिनधास्त जा! आम्ही गेलो होतो तेव्हा पायलटने बलून थेट ट्रेलरवर उतरवलं. खाली गाडी उभी, तिच्यामागे ट्रेलर, आणि हा पठ्ठ्या बरोबर त्याच्यावर टोपली टेकवतो. धक्का म्हणून जाणवला नाही. सूर्य वर येताना शंभरएक बलून आपल्या आजूबाजूला तरंगत असतात, ते दृश्य जन्मभर विसरणार नाही. बातम्या वाचत बसलात तर घराबाहेर पडणंच होणार नाही.

नाना_सदाशिव
आमची ही वर गेल्यावर खालची शेतं बघून पायलटला विचारत होती, "ही जमीन कोणाची? पडीक का ठेवलीय?" त्याला मराठी कळलं नाही, पण त्याने मान डोलावली. मी सांगतो, तुमच्या आईला फार मजा येईल.

सुजाता_कोथरूड
उंडगा, तुमचं बलून ट्रेलरवर उतरलं कारण त्या दिवशी वारा नव्हता. आमच्या वेळी होता.

निघताना सगळं शांत होतं. तासाभराने पायलट रेडिओवर सारखं तुर्कीत बोलायला लागला, चेहरा गंभीर. मग इंग्रजीत म्हणाला, "लँडिंग पोझिशन. नाऊ." टोपलीच्या आत दोरीच्या कड्या असतात, त्या धरून गुडघे वाकवून बसायचं. जमिनीला पहिला दणका बसला, आम्ही पुन्हा थोडे वर उचललो गेलो, मग दुसरा दणका, आणि टोपली आडवी. आडवी झाली तरी थांबली नाही. वाळलेल्या काटेरी झुडपांतून घासत गेली. माती, बारीक खडे, सगळं तोंडावर. मी पाठीवर पडलेले आणि शेजारच्या कोरियन मुलीचा बूट माझ्या कानाशी. कोणीतरी बाहेर पडायला धडपडत होतं, त्याच्यावर पायलट जिवाच्या आकांताने ओरडला, "स्टे इन! स्टे इन!"

कोणाला मोठं काही झालं नाही. पण एका बाईंनी व्हिडिओ काढायला एक हात सोडला होता, त्यांचं मनगट गेलं. कंपनीने नंतर प्रमाणपत्र दिलं, हार घातला, ग्लास हातात दिले. त्या मनगटाची विचारपूस मात्र आमच्या गाईडलाच करावी लागली.

मृण्मयी_ठाणे
बापरे. सुजाताताई, इतकं नेमकं लिहिल्याबद्दल आभार. बाहेर पडू नका म्हणून तो का ओरडला? आडवी पडल्यावर पटकन बाहेर आलेलं बरं ना?

कामशेतचा_वारा
याचं उत्तर मी देतो. मी पॅराग्लायडिंगवाला, बलूनचा पायलट नाही. पण दोन बलून पायलट जवळचे मित्र आहेत आणि त्यांच्या क्रूबरोबर गाडी घेऊन बलूनमागे धावलोय.

बाहेर का पडायचं नाही? बलूनचं वजन आणि त्याला वर ढकलणारी ताकद यांचा तोल अगदी काठावर असतो. कापडात गरम हवा असेपर्यंत टोपलीतून दोन माणसं जरी उतरली तरी दीडशे किलो कमी झाले. बलून पुन्हा उचललं जातं आणि आत उरलेले लोक वर जातात. शिवाय बाहेर पडलेला माणूस घसटणाऱ्या टोपलीखाली येऊ शकतो. म्हणून पायलट सांगेपर्यंत आत राहायचं. हा नियम सगळ्या जगात एकच आहे.

आता मूळ प्रश्न. विमान असो की माझं ग्लायडर, आम्ही उतरताना वाऱ्याकडे तोंड करतो. समोरून ताशी १५ किमीचा वारा असेल तर जमिनीच्या हिशेबाने माझा वेग १५ ने कमी होतो. कामशेतला विंडसॉक (वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी नळी) बघितल्याशिवाय कोणी उतरायचा विचार करत नाही. बलूनला तोंडच नसतं. ते वाऱ्याबरोबर, वाऱ्याच्याच वेगाने जातं. म्हणून वर असताना गालाला झुळूकही लागत नाही आणि प्रवाशांना वाटतं हवा शांत आहे. खाली वारा ताशी ३० किमी असेल तर टोपली ताशी ३० किमीनेच जमिनीला भिडणार. ब्रेक नाही, वळण नाही.

पायलटच्या हातात मुख्य अशा दोनच गोष्टी. बर्नर पेटवून वर जाणं, आणि दोरी ओढून कापडाच्या माथ्यावरची झडप उघडून खाली येणं. वेगवेगळ्या उंचीवर वाऱ्याची दिशा वेगळी असते, तिचा फायदा घेऊन तो कुठे जायचं ते साधतो. बाजूच्या झडपांनी बलून स्वतःभोवती फिरवता येतं, म्हणजे टोपलीची लांब बाजू पुढे करून उतरता येतं. पण वेग कमी करता येत नाही. तो फक्त मोकळी, लांबलचक जागा निवडू शकतो आणि टेकल्याबरोबर माथा उघडून हवा सोडू शकतो.

गणिती_बाप
कामशेतकर, त्यात आकडे घालतो. २० माणसांच्या बलूनचं कापड सुमारे १०,००० घनमीटरचं धरू. आतली हवा ९०-१०० अंशांना तापलेली असली तरी तिला वजन असतंच. घनमीटरला ०.९ किलोच्या आसपास धरली, तिथल्या हजारएक मीटर उंचीमुळे थोडं कमी केलं, तरी फक्त आतली हवाच आठ टन भरते. टोपली, माणसं, गॅसच्या टाक्या मिळून आणखी दोन-सव्वादोन टन. म्हणजे दहा टनांचं धूड जमिनीवर येतंय.

वेग दुप्पट झाला की आघाताची ऊर्जा चौपट. ताशी १२ किमीने टेकणं आणि २४ ने टेकणं यांत चारपट फरक आहे, दुप्पट नाही. पुढचं त्याहून वाईट. टोपली जमिनीला अडकली पण कापड अजून फुगलेलंच आहे, तर तेच शीड होतं. २६-२७ मीटर व्यासाचा गोळा आणि ताशी २५ किमी वारा म्हटल्यावर ढोबळ हिशेबाने पाऊण टनाच्या आसपास आडवी ओढ येते. सुजाताताईंची टोपली थांबली नाही ती यामुळे.

उंडगा
हे वाचून गच्चीवर वाळत घातलेली डबल बेडची चादर आठवली. वारा आला की दोन माणसांना धरवत नाही. गणितीबाप, मान गये.

भूगोल_मास्तर
वारा "अचानक" वाढला असं बातम्यांत येतं. यातलं बरंचसं मुळीच अचानक नसतं, म्हणून थोडं लांबण लावतो.

रात्री जमीन थंड होते, तिच्यालगतची हवा थंड होऊन खालीच बसते. वर त्याहून गरम थर. खालची हवा स्थिर, पण दोनतीनशे मीटरवर वारा चांगला जोरात वाहत असू शकतो. पहाटे मैदानावर उभं राहिलं तर पान हलत नाही. सूर्य वर आला, जमीन तापली, की खालचा थर ढवळला जातो आणि वरचा वेगवान वारा जमिनीपर्यंत पोचतो. म्हणून जगभर बलून सूर्योदयाच्या सुमारास उडवतात आणि ऊन चढायच्या आत उतरवतात. उशिरा निघालेलं किंवा जागा न मिळाल्याने हवेत रेंगाळलेलं बलून नेमकं या बदलाच्या तावडीत सापडतं.

दुसरं कारण वादळी ढग. ढगातून थंड हवा खाली कोसळते आणि जमिनीवरून चहूकडे पसरते. ढग कितीतरी किलोमीटर लांब असला तरी हा झोत बलूनपर्यंत येतो. २३ ऑगस्ट २०१२ ला स्लोव्हेनियात ल्युब्लियानाजवळच्या दलदलीच्या मैदानावर ३२ जणांचं मोठं बलून उतरतानाच वादळी वाऱ्यात सापडलं, आपटलं आणि पेटलं. सहा जण गेले. सकाळची आठच्या सुमाराची वेळ होती. "सकाळी उडवतात म्हणजे सुरक्षित" असं समजून चालू नये.

यारा_मैया
आमच्या मेलबर्नजवळ यारा व्हॅलीतही फेब्रुवारी २०१८ मध्ये झालं होतं. १६ जणांचं बलून बदललेल्या हवेत जोरात आपटलं, बऱ्याच जणांना रुग्णालयात न्यावं लागलं. इथे बलूनवाले आदल्या संध्याकाळी फोन करून "उद्या बहुतेक रद्द" सांगतात. भारतातून आलेले पाहुणे रागावतात. माझे सासरेही रागावले होते. मला तर रद्द करणारी कंपनी दिसली की जास्त विश्वास वाटतो.

डॉ_मिरज
ऑर्थोपेडिक सर्जन आहे, म्हणून मृण्मयीताईंच्या आई-बाबांविषयी लिहितो.

असा दणका उभ्या माणसाला बसला तर तो टाचेतून घोट्यात, घोट्यातून गुडघ्यात आणि तिथून कण्यात जातो. तरुण माणूस गुडघे वाकवून तो जिरवतो. बलूनच्या जोराच्या लँडिंगमध्ये घोटा आणि पायाची नळी मोडणं आणि पाठीच्या मणक्याचं दबणं या ठरलेल्या दुखापती. हाडं ठिसूळ असतील तर मणका दबायला फार मोठा आघात लागत नाही. आमच्याकडे रिक्षा खड्ड्यातून गेली म्हणून मणका दबलेल्या आज्या येतात.

आईंचं ऑपरेशन म्हणजे सांधेबदल की दुर्बिणीतून केलेलं? सांधेबदल असेल तर प्रश्न वाकून बसण्याचा आहे. टोपलीत शिरायला खाचांत पाय देऊन कठड्यावरून चढावं लागतं, सहसा दार नसतं. घरी करून बघा: भिंतीला पाठ टेकवून, गुडघे वाकवून, दोन्ही हातांनी काहीतरी धरून त्यांना मिनिटभर बसता येतं का? आणि त्याच स्थितीत आडवं झाल्यावर आधाराशिवाय उठता येतं का? हे जमत नसेल तर तुमचं उत्तर मिळालं.

बाबांबद्दल मी आत्ताच सांगतो. ७७ वय, जुनं पाठीचं दुखणं. हाडांची घनता तपासल्याशिवाय नको, आणि तपासून कमी निघाली तर मुळीच नको.

उंडगा
डॉक्टर, तुमचा मान राखून सांगतो, अशाने ज्येष्ठांनी घरात बसायचं का? आमच्या बलूनमध्ये ऐंशीच्या जर्मन आजी होत्या. शंभर वेळा नीट उतरतात, एकदा असं होतं.

डॉ_मिरज
घरात बसा असं मी म्हणत नाही. माझी आई याच वयाची आहे आणि मी तिला काश्मीरला घोड्यावर बसवलंय. फरक हा की घोडा थांबवता येतो. बलूनमध्ये एकदा जमीन सुटली की उतरण्याची वेळ तुमच्या आईच्या हाडांना विचारून ठरत नाही.

सुजाता_कोथरूड
+१ डॉक्टर. आमच्या टोपलीतही एक आजोबा होते. त्यांच्या मुलाने त्यांना स्वतःच्या अंगाखाली घेतलं, तेव्हा निभावलं. दोघं कितीतरी वेळ तसेच पडून होते.

रानवारा
मोठं संकट खरं तर तारा आहेत, त्याबद्दल कोणीच लिहिलं नाही. ७ जानेवारी २०१२, न्यूझीलंडमधलं कार्टरटन: ११ मृत्यू. ३० जुलै २०१६, टेक्ससमधलं लॉकहार्ट: १६. २६ जून २०२१, अल्बुकर्की: ५. तिन्ही वेळा विजेच्या तारा. जमिनीलगत वारा जोरात असला की तारा दिसल्यापासून त्यांना भिडेपर्यंत पायलटला मोजके सेकंद मिळतात, म्हणून इथे लिहितोय. पायलटला शिकवलेलं असतं की तारा चुकणारच नसतील तर वर जायची धडपड करू नको, माथा उघडून झपाट्याने खाली ये. टोपली तारांत जाण्यापेक्षा वरचं कापड गेलेलं परवडलं. कार्टरटनला पायलटने वर जायचा प्रयत्न केला होता, आणि त्याच्या रक्तात गांजाचा अंश सापडला. अल्बुकर्कीच्या पायलटच्या रक्तातही अमली पदार्थ निघाले. तेव्हा वाऱ्यावर सगळं ढकलू नका. तो माणसाची चूक महाग करतो.

नाना_सदाशिव
अवांतर: आपल्या विजयपत सिंघानियांनी २६ नोव्हेंबर २००५ ला मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवरून हॉट एअर बलूनमधून उड्डाण केलं आणि २१,०२७ मीटर उंची गाठून जागतिक विक्रम केला. उतरले कुठे, तर सिन्नरकडच्या पंचाळे गावात! वय तेव्हा ६७. उंडगाच्या बाजूने एक मुद्दा झाला की नाही?

कामशेतचा_वारा
नाना, विक्रम अभिमानाचाच. पण त्यांच्यामागे मोठी तांत्रिक टीम होती, बंद कॅप्सूल होती, आणि हवामान जुळेपर्यंत वाट बघायची तयारी होती. पर्यटकाला परवा सकाळचं इस्तंबूलचं विमान पकडायचं असतं, इथेच गोम आहे. "आज शेवटचा दिवस, आजच उडवा" हा दबाव प्रवाशांकडूनच येतो.

विदिशा_एमपी
भारतातलं ताजं सांगते. सप्टेंबर २०२५ मध्ये आमच्याकडे मंदसौरला गांधीसागरजवळ मुख्यमंत्री मोहन यादव बलूनमध्ये चढले होते. वारा ताशी २० किमीच्या आसपास होता. बलून उभं राहीना आणि खालच्या भागाला आग लागली. लोकांनी ट्रॉली धरून ठेवली, ते सुखरूप उतरले. जमिनीवर असताना ही गत, तर वर गेलं असतं तर उतरताना काय झालं असतं?

रानवारा
आणि जानेवारी २०२५ मध्ये पोल्लाचीच्या बलून महोत्सवातलं एक बलून तमिळनाडूची हद्द ओलांडून केरळात पालक्काडकडच्या भातशेतात उतरलं. आत लहान मुलं होती. कोणाला इजा झाली नाही. शेतकऱ्यांनीच मदत केली म्हणे.

यारा_मैया
रानवारा, शेतकऱ्यांचं कोणी लिहीत नाही, तुम्ही लिहिलंत म्हणून बरं वाटलं. उभ्या पिकात बलून येतं, मागून गाडी आणि ट्रेलर येतो, कधी गुरं बिथरून कुंपण तोडतात. इथल्या चांगल्या कंपन्या कोणाच्या रानात उतरायला चालतं याची नोंद ठेवतात आणि नुकसान भरून देतात. लोणावळा-कामशेतला काय पद्धत आहे?

कामशेतचा_वारा
मी पाहिलेल्या वेळी क्रूने जागेवरच शेतकऱ्याशी बोलून पैसे दिले होते. सगळेच देतात असं छातीठोक सांगणार नाही.

मृण्मयी_ठाणे
सगळ्यांचे मनापासून आभार, विशेषतः डॉक्टर. आईचा पूर्ण सांधेबदल आहे. काल भिंतीशी बसवून पाहिलं. बसली, पण उठताना माझा हात लागला. ती स्वतःच म्हणाली, "मग खालून बघते, तुम्ही जा." बाबांचा प्रश्नच मिटला. कॅपाडोकियातल्या गोरेमे गावात गच्ची असलेलं हॉटेल घेतलंय, तिथून दोघं बघतील.

आता आमच्या तिघांचं. उडवायचं की नाही हे तिथे कोण ठरवतं? कंपनीच?

सुजाता_कोथरूड
नाही. तिथे कंपनीच्या मर्जीवर सोडलेलं नाही. तुर्कीच्या नागरी उड्डयन खात्याच्या देखरेखीखाली एक केंद्र रोज पहाटे हवामान बघून निर्णय देतं: हिरवा झेंडा म्हणजे उडा, पिवळा म्हणजे थांबा, लाल म्हणजे रद्द. सगळ्या कंपन्यांना तो लागू. आमच्या दिवशी आधी पिवळा होता, मग हिरवा झाला. परत कधी गेले तर पिवळ्याचा हिरवा झालेल्या दिवशी मी विचारेन, कारण तेवढा उशीर झालेला असतो आणि ऊन चढत असतं. भूगोल मास्तरांचं वाचून हे आता नीट लक्षात आलं.

भूगोल_मास्तर
अगदी बरोबर पकडलंत. हिरवा झेंडा त्या वेळच्या अंदाजावर असतो, तासाभरानंतरच्या वाऱ्याची हमी त्यात नसते. पायलटलाही नको म्हणायचा अधिकार असतो, आणि प्रवाशालाही.

गणिती_बाप
लहान टोपली मिळाली तर घ्या, पैसे जास्त पडतील. १२ जणांचं बलून २८ जणांच्या निम्म्याहून कमी घनफळाचं असतं, हवा लवकर रिकामी होते आणि उतरायला जागाही कमी लागते.

डॉ_मिरज
मुलाला घोटा झाकणारे बूट घाला. फोन उतरताना खिशात, चेन लावून. सेल्फीची काठी न्यायचीच नाही. गळ्यात कॅमेरा असेल तर बॅगेत घाला, तोच हनुवटीवर बसतो. उतरताना पाठ जायच्या दिशेला, डोकं कठड्याच्या खाली, दोन्ही हात दोरीवर.

उंडगा
डॉक्टर, मघाचा माझा सूर जरा चढा होता. वरचे सगळे प्रतिसाद पुन्हा वाचले. बलूनमध्ये जावं हे माझं मत कायम आहे, पण पायलटची सूचना ही औपचारिकता समजून अर्धे लोक फोटो काढत असतात, ते मीही पाहिलंय. मृण्मयीताई, चढायच्या आधी ती बसण्याची पद्धत मुलाकडून करून घ्या. पायलटने दाखवली नाही तर मागा.

मृण्मयी_ठाणे
हो, नक्की. बुकिंग मुक्कामाच्या पहिल्या सकाळचं केलंय, पुढच्या दोन सकाळी मोकळ्या ठेवल्यात. १६ जणांची टोपली मिळतेय. प्रवासविम्याचं काय? एजंट म्हणतो सगळं कव्हर आहे.

रानवारा
एजंटच्या तोंडावर जाऊ नका. आपल्याकडच्या बऱ्याच पॉलिसींमध्ये साहसी खेळ वगळलेले असतात किंवा त्यासाठी वेगळा हप्ता घ्यावा लागतो. बलून त्यात धरलंय की नाही, हे विमा कंपनीला ईमेल करून विचारा आणि उत्तर जपून ठेवा. बलून कंपनीचा प्रवाशांसाठी स्वतःचा विमा असतो, त्याचीही मर्यादा विचारा.

कामशेतचा_वारा
मोकळ्या सकाळी ठेवल्यात हे उत्तम केलंत. आता एवढंच लिहून घ्या: लाल झेंडा लागला तर दुसऱ्या दिवशीची जागा आपोआप मिळते की पैसे परत होतात? आणि झेंडा हिरवा असूनही तुम्हीच नको म्हणालात तर पैसे बुडतात का? बहुतेक ठिकाणी बुडतात. ते बुडाले तरी चालतील असं तिघांनी घरीच ठरवून निघा.